मुदत संपली, पण डेटा गेला का?

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधलं तापमान दर मिनिटाला मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये जमा होतं. 30 दिवसांनी नोंद पुसली जावी म्हणून टीटीएल इंडेक्स (मुदत संपलेल्या नोंदी आपोआप पुसणारी सोय) लावला. तीन महिन्यांत एकही नोंद गेली नाही, एररही नाही. – एक वाचक, तासगाव

एरर येणारच नाही, मेख तिथंच आहे. मोंगो दर 60 सेकंदांनी पुसायला निघतो, पण ज्या फील्डवर (नोंदीतल्या रकान्यावर) इंडेक्स लावलाय, त्यात तारीख-प्रकारातलीच तारीख लागते. "14/06/2025" अशी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असेल तर तो तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. एक नोंद उघडून प्रकार तपासा; माझी पैज स्ट्रिंगवर. जुन्या नोंदी दुरुस्त करताना मात्र रात्री आणि थोड्या थोड्या करा. एकदम केल्या तर लाखभर नोंदी एका फटक्यात मुदतबाह्य होतील आणि सर्व्हर धापा टाकेल.

पतसंस्थेचे बॅकअप एस-थ्रीवर (ॲमेझॉनच्या ऑनलाइन साठवणीत) ठेवतो. 90 दिवसांनी पुसण्याचा नियम आहे, यादीत जुन्या फाइली दिसत नाहीत, तरी बिल वाढतंच आहे. – एक वाचक, कऱ्हाड

व्हर्जनिंग, म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपणं, चालू असणार. अशा बकेटमध्ये (एस-थ्रीवरच्या कप्प्यात) मुदत संपली की फाइलवर फक्त 'डिलीट मार्कर', म्हणजे 'पुसली' अशी खूण, चढतो. खालची जुनी आवृत्ती जागेवरच राहते आणि तिचं भाडं तुम्ही भरता. जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळा नियम लिहा. अर्धवट राहिलेल्या मल्टिपार्ट (तुकड्यातुकड्यांनी होणाऱ्या) अपलोडनाही मुदत घाला, तेही यादीत दिसत नाहीत. आणि पहाटेच फाइल गेली नाही म्हणून घाबरू नका: मुदत यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला भरते, पुसणं त्यानंतर सवडीनं होतं.

साखर कारखान्याच्या काट्यावरच्या पावत्या 60 दिवस ठेवतो. 'आज शून्य नोंदी पुसल्या' असा अलार्म लावलाय, तो हंगाम सुरू झाल्यापासून रोज वाजतो. – एक वाचक, वाळवा तालुका

वाजणारच! गाळप सुरू झाल्यावर पहिले 60 दिवस पुसण्यासारखं असतंच काय? तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी वैतागून तो अलार्म बंद करतो, आणि खरा बिघाड नेमका त्यानंतर येतो. पावसाळ्यात सांगलीकर पाऊस किती पडला यापेक्षा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे हे विचारतात. तुम्हीही किती पुसलं ते सोडा; सर्वांत जुन्या पावतीचं वय मोजा. 60 दिवसांची मुदत असेल तर 62 ओलांडल्यावर अलार्म.

एक खोच राहते. हंगाम संपून टेबल रिकामं झालं की वय काढायला पावतीच नसते, आणि मोजणारी स्क्रिप्ट मेली तरी तसंच दिसतं. म्हणून रोज एक खोटी पावती टाका, गाडी क्रमांकाच्या जागी 'चाचणी' लिहून; मग वय आलंच नाही, तर बिघाड आहे हे कळेल. काट्याच्या हिशेबातून ती वगळायला विसरू नका, नाहीतर अकाउंटवाले तुम्हाला शोधत येतील.

मोंगोत नोंदी पुसल्या, डिस्क तेवढीच भरलेली. का? – एक वाचक, सातारा

मोकळी झालेली जागा मोंगो बहुतेक वेळा स्वतःकडेच ठेवतो, नव्या नोंदी तिथंच बसतात. फाइल वाढायची थांबली असेल तर हात लावू नका.