हात लावल्याशिवाय सही नाही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. माप न घेता तपासणीच्या कागदावर सही कर, असे साहेब सांगतात आणि तू चार दिवस विचार करतोस! तू गुणी आहेस हे आपण दोघेही जाणतो, ते उगाळत नाही. वस्तूला हात लावल्याशिवाय सही करायची नाही.

१९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी निघाली, तिचे मुख्यालय नागपुरात. मी काही वर्षांनी नागपुरातल्याच एका कारखान्यात लागलो, तेव्हा घुग्घुस, बल्लारपूरकडच्या कोळसा खाणींसाठी आम्ही हॉलेज, म्हणजे कोळशाचे टब (छोटे डबे) उतारावरून दोराने ओढणारी यंत्रे, बनवत होतो. एकाच दोराच्या हॉलेजमध्ये भरलेले टब मोटर वर ओढते. रिकामे टब मात्र आपल्याच वजनाने उतारावरून खाली जातात. त्या वेळी दोर गुंडाळणारा ड्रम मोटरपासून मोकळा केलेला असतो आणि सगळा भार ब्रेकवर असतो.

एका शनिवारी असाच एक ओतीव ड्रम न्यायला ट्रक फाटकात उभा होता. फोरमन म्हणाले, "मी पाहिलाय," आणि मी तपासणीच्या कागदावर सही केली. ओतकामात जाड भाग पातळ भागाला मिळतो तिथला वितळलेल्या लोखंडाचा रस सर्वांत शेवटी गोठतो व पोकळी तिथेच राहते, हे मला तोंडपाठ होते. तरी मी वाकून पाहिले नाही. तीन आठवड्यांनी ड्रम परत आला. खाणीतल्या फिटरला हातोडीखाली खणखणीत नव्हे तर बद्द आवाज आला, म्हणून कोणाचा जीव गेला नाही. ड्रमच्या आरीच्या (आतल्या दांड्याच्या) मुळाशी लोखंडाचा कीस कालवून लांबी (भेगा बुजवायचा लेप) भरली होती आणि वर लाल रंग फासला होता. ती लांबी मी नखाने खरवडून काढली. खालून चीर निघाली.

त्यानंतर मी हात लावल्याशिवाय सही केली नाही. चार्जमनची, म्हणजे कामावर देखरेख करणाऱ्याची, बढतीची जागा माझ्यानंतर आलेल्याला मिळाली. मी फटकळ होतो म्हणून, असे लोक म्हणतात. म्हणोत बापडे! फटकळ मी होतोच, पण ती जागा सहीपायी गेली, हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन.

प्रोबेशन लांबले तर लांबू दे. उद्या तो नग उलटा करून घे, रंग खरवड, हातोडी मार, माप घे आणि जे आढळेल तेच लिही. हात लावल्याशिवाय सही नाही, एवढे साहेबांना नम्रपणे सांग. आवाज चढवू नकोस, ती चूक माझी होती. रात्री फोन कर, मी जागा आहे.