सिव्हिल थ्रीडीत (रस्ते वगैरे डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) सर्व्हेचे क्रॉस सेक्शन (रस्त्याला आडवे जमिनीचे छेद) घेताना

अरे, सर्व्हेवाल्याची चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), ऑफसेट (मध्यरेषेपासून बाजूचं अंतर), आरएलची (जमिनीची उंची) एक्सेल आली की लगेच सरफेस, म्हणजे जमिनीचं थ्रीडी मॉडेल, बनवायला बसू नकोस. आधी डावी-उजवी बाजू बघ, वाढत्या चेनेजकडे तोंड केलं की डावा ऑफसेट मायनस, आणि हे उलटं पडलं तर सगळी टेकडी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाते (माझी गेलीय एकदा, बिल बनवताना कळलं).

दुसरं म्हणजे २० मीटरवर सेक्शन आणि एका सेक्शनमध्ये दर २-३ मीटरला पॉइंट, मग सॉफ्टवेअर पॉइंट जोडून सरफेससाठी जे ट्रँगल बनवतं ते लांबुळके होतात आणि सॉफ्टवेअर नाल्याचा तळ पुढच्या सेक्शनच्या काठाला जोडून टाकतं, वाहत्या नाल्यात बांध दिसायला लागतो! म्हणून नाल्याचा तळ, काठ, रस्त्याची कड हे एका सेक्शनवरून दुसऱ्यावर ब्रेकलाइनने (ट्रँगलला ओलांडता येत नाही अशी रेषा) जोड. कंटाळवाणं काम आहे पण खरी अ‍ॅक्युरसी तिथेच. वळणावर आतल्या बाजूचे सेक्शन एकमेकांना क्रॉस करतायत का तेही बघून घे.

सॅम्पल लाइन (सॉफ्टवेअर जिथे सेक्शन कापतं ती आडवी रेषा) सर्व्हेच्याच चेनेजवर टाक, मधल्या चेनेजला मिळणारी लेव्हल मोजलेली नसते, नुसती ट्रँगलवरची असते. मग दोन-चार सेक्शन एक्सेलशी ताडून बघ आणि मगच कटिंग-फिलिंग (खोदाई-भरावाचं माप) काढ.