सहा महिन्यांत डीएमएलटी होतं का?

प्रश्न: ताई, मी उदगीरची. यंदा बारावी सायन्स झाले, बायो होतं. नीटला मार्क कमी पडले आणि परत वर्षभर तेच करायची इच्छा नाहीये. लॅब टेक्निशियन व्हायचं मनात आहे. इथे एक जण सहा महिन्यांत डीएमएलटीचं (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीच्या डिप्लोमाचं) सर्टिफिकेट देतो म्हणतोय, फक्त परीक्षेपुरतं जायचं. आई म्हणते सारखं लोकांचं रक्त हाताळायचं, काही झालं म्हणजे? पुढे स्वतःची लॅब टाकता येते का?

उत्तर: त्या सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर एक रुपयासुद्धा घालू नकोस, हे आधी सांगते. २०२१ च्या केंद्राच्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात डिप्लोमा किंवा डिग्री किमान २००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत पसरलेली हवी असं स्पष्ट आहे, मग परीक्षेपुरतं जाऊन ते कसं बसणार? आणि असे कागद विकणारे नेमके तुझ्यासारख्या नीटनंतर खचलेल्या मुलींनाच गाठतात, याचा मला फार राग येतो.

तुला जमत असेल तर डिग्रीच बघ. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी म्हणजे पॅरामेडिकलची डिग्री आहे, त्यात लॅबोरेटरी टेक्निशियनची शाखा आहे, तीन वर्षं शिक्षण आणि वर वर्षभर इंटर्नशिप. घरच्या परिस्थितीमुळे डिप्लोमाच करायचा असेल तर कर, पण ॲडमिशनआधी दोन गोष्टी विचार, पास झाल्यावर महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेत नोंदणी होते का आणि प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होतं. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे कारण हे काम हातात बसावं लागतं. आता सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मशीन करतं, बटण दाबलं की झालं असं लोकांना वाटतं, पण सॅम्पलच चुकीचं घेतलं तर मशीन काय करणार? निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटचा एक भाग आणि रक्ताचे नऊ भाग हे प्रमाण ठरलेलं असतं, खुणेपर्यंत रक्त भरलं नाही तर पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, चुकतो आणि रक्त पातळ व्हायच्या गोळीचा डोस त्यावरच ठरतो. दुसऱ्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं त्यात ओतलं तर जांभळीतल्या ईडीटीएमुळे (हेही रक्त गोठू न देणारं रसायन) पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं कमी दिसतं. जिथे रोज भरपूर पेशंट येतात, मलेरियाच्या स्लाइड स्वतः रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायला मिळतात आणि चुकलं की सिनियर तिथल्या तिथे सांगतात, अशाच ठिकाणी हे सगळं अंगवळणी पडतं. शक्य असेल तर एखाद्या सकाळी जाऊन ती लॅब बघून ये.

आईची काळजी खरी आहे, तिला उडवून लावू नकोस. हिपॅटायटिस बी ची लस काम सुरू करायच्या आधी घे, तीन डोस असतात, ० - १ - ६ महिने, त्यामुळे आत्ताच सुरुवात केलीस तर बरं. सुईला परत टोपण लावायचं नाही, ग्लोव्हज घालायचेच. आणि तरीही सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच सांगायचं, लाजून गप्प बसायचं नाही, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

स्वतःच्या लॅबचं म्हणशील तर डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही लागते. म्हणजे एकटीने लॅब टाकून रिपोर्ट देणं चालणार नाही, पॅथॉलॉजिस्ट सोबत हवाच, आणि सहीचे कोरे कागद आणून ठेवणाऱ्या लॅबमध्ये नोकरीसुद्धा धरू नकोस. खाजगीत सुरुवातीचा पगार कमी असतो, नाईट पण कराव्या लागतात, हे घरी आधीच सांगून ठेव. सरकारी हवं असेल तर जिल्हा परिषदेच्या भरतीत प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि आरोग्य विभागात प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी अशी पदं निघतात, दोन्हीच्या जुन्या जाहिराती काढून पात्रता वाच आणि मग कोर्स ठरव.