सेमिस्टरभर एकच निवटी

"सगळं सुरू करते मॅडम, पूर्ण काहीच करत नाही. आळशी झालीय का हो ती?"

डिझाइन, चित्रकला, अ‍ॅनिमेशन अशा वाटेला गेलेल्या मुलांचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी आले की हा प्रश्न इतक्यांदा विचारतात की या वेळी एका केसच्या निमित्ताने जरा सविस्तर लिहिते. घरच्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ऐरोलीची मुलगी, अ‍ॅनिमेशनच्या पदवीचं दुसरं वर्ष. कॉलेजचा प्रोजेक्ट असा: निसर्गातल्या एखाद्या जिवावरून पात्र तयार करायचं आणि त्याची वीस सेकंदांची फिल्म करायची. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, तेव्हा वर्गातल्या बऱ्याच जणांनी फ्लेमिंगो घेतला यात नवल नाही. हिने घेतली निवटी. ओहोटीला खाडीच्या चिखलावर येणारा, सरपटणारा, उड्या मारणारा, डोक्यावर डोळे असलेला तो मासा. "आमच्याकडे निवटीचं कालवण करतात, ही तिचं कार्टून करतेय," असं म्हणून आई हसली आणि लगेच मुद्द्यावर आली. सेमिस्टर संपत आलं होतं आणि फिल्मचा एक सेकंदसुद्धा तयार नव्हता.

मुलीशी एकटीशी बोलले. ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागत होती. आळशी माणूस असं करत नाही. टॅबवर चित्रं दाखव म्हटलं, तर फोल्डर निवट्यांनी भरलेलं. पण प्रत्येक चित्र उघडायच्या आधी एक वाक्य यायचं: "हे जुनं आहे हं." "यात डोळे गंडलेत." "हे नका बघू." माझ्या डोळ्यांना तर सगळीच सुरेख होती. बराच वेळ आम्ही चित्रं पाहिली, पण माफी न मागता एकही चित्र माझ्यासमोर आलं नाही.

सुरुवातीला सरांनी एकदा म्हटलं होतं, "छान आहे, पण जिवंत वाटत नाही." झालं. तेव्हापासून तिने पात्र पहिल्यापासून काढायला घेतलं होतं. पुन्हा, आणि पुन्हा. डिझाइन पक्कं झाल्याशिवाय हालचाल कशी करणार, असं तिचं म्हणणं. वरवर पाहता अगदी रास्त.

मला इथे खोट दिसली. फिल्म सुरू करायची म्हटलं की तिच्या छातीत धडधड व्हायची. डिझाइन पुन्हा काढायला घेतलं की धडधड थांबायची. जी गोष्ट केल्याने भीती ताबडतोब उतरते ती मन पुन्हा पुन्हा करायला लावतं, मग ती गोष्ट उपयोगाची असो वा नसो. कुणी अशा वेळी मोबाइल घेऊन लोळतं. ते निदान बाहेरून टाळाटाळ म्हणून दिसतं तरी. हिची टाळाटाळ कष्टांच्या वेशात होती, म्हणून घरात कुणाला ओळखू आली नाही. तिला स्वतःलाही नाही.

यामागे आणखी एक गोष्ट होती. लहानपणापासून घरात ती 'आमची आर्टिस्ट'. एलिमेंटरीला ए ग्रेड, इंटरमिजिएटला ए ग्रेड, गणपतीत सोसायटीची रांगोळी तिचीच. कौतुक मनापासूनचं, पण सगळं एकाच खुंटीला टांगलेलं. मग चित्रावर कुणी बोट ठेवलं की ते थेट तिच्यावरच ठेवल्यासारखं वाटणार. कौतुक करू नका असं मी पालकांना कधीच सांगत नाही. मात्र चित्रकला सोडून तिच्यातलं आणखी काय आवडतं, हे आईला विचारलं तेव्हा त्यांना बराच विचार करावा लागला.

अ‍ॅनिमेशनचं गणित मला तिनेच शिकवलं. सेकंदाला चोवीस फ्रेम्स, म्हणजे पडद्यावर एकामागून एक झळकणाऱ्या चौकटी. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर सेकंदाला बारा चित्रं, वीस सेकंदांची दोनशे चाळीस. "तुला एक निवटी काढायला किती वेळ लागतो?" "नीट काढायची तर तीन तास." कॅल्क्युलेटर तिच्याच हातात होता. सातशे वीस तास, म्हणजे महिनाभर न झोपता, न जेवता. तिने आकड्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली. मग तिनेच सांगितलं की खरं कोणी असं करत नाही. मुख्य पोझ नीट काढतात, मधली चित्रं कच्ची असतात, काही तर मुद्दाम वेडीवाकडी ताणलेली. डोळ्यासमोर ती सेकंदाचा बारावा हिस्सा टिकतात. हे सगळं तिला पाठ होतं, फक्त स्वतःला लागू नव्हतं.

मी काही चित्रकलेची बाई नाही, त्यामुळे डिझाइनवर बोलायचं मी टाळलं. एवढंच विचारलं, की इतक्या निवट्या काढल्यास, त्यातली खरी बघून किती? एकही नाही. सगळ्या इंटरनेटवरच्या फोटोंवरून आणि दुसऱ्यांच्या गोंडस पात्रांवरून. घर ऐरोलीत, आजी दिवा कोळीवाड्यात, खाडी हाकेच्या अंतरावर!

गृहपाठ ठरला: ओहोटीला आजीबरोबर जेट्टीवर जायचं, चिखलात उतरायचं नाही, साध्या पेनाने कागदावर काढायचं. पेन अशासाठी की त्याला अनडू नसतं.

पुढच्या भेटीत वही घेऊन आली. चित्रं म्हणजे नुसत्या रेघोट्या, पण माफीचं वाक्य विसरली होती, कारण सांगायलाच खूप काही होतं. निवटी पुढचे दोन्ही पर एकदम टेकवते आणि अंग ओढते, कुबड्यांवर चालणाऱ्या माणसासारखी. उडी मात्र शेपटीच्या झटक्याने. आणि डोळे! ती पापणी मिटत नाही, अख्खा डोळाच खोबणीत आत ओढून घेते आणि ओला करून पुन्हा वर काढते. "मी तिला माणसासारख्या पापण्या काढल्या होत्या," ती म्हणाली, "म्हणून ती मेल्यासारखी दिसत होती."

मग खरी अवघड पायरी. रंग नाही, पार्श्वभूमी नाही, फक्त तीन सेकंदांची कच्ची हालचाल सरांना दाखवायची. दाखवण्याआधी काय होईल ते लिहून ठेवायचं. तिने लिहिलं, "सर म्हणतील, अजून हेच? वर्गात हसतील." प्रत्यक्षात सरांनी ती पुन्हा पुन्हा चालवून पाहिली आणि विचारलं, "उडी मारायच्या आधी ती खाली दबत का नाही? वजन जाणवत नाहीये." ही टीकाच होती, पण दुपारभरात दुरुस्त होणारी. लिहिलेलं आणि घडलेलं आम्ही शेजारी-शेजारी ठेवून वाचलं. माझ्या अनुभवात दहा वेळा धीर देण्यापेक्षा असा एक कागद जास्त काम करतो.

बाबांचा प्रश्न वेगळाच होता: "एआय दोन मिनिटांत करतं म्हणे, मग हिला नोकरी कोण देणार?" हे भविष्य मला सांगता येत नाही आणि तसं त्यांना सांगितलंही. पण काम अर्धवट ठेवायची सवय कुठल्याच क्षेत्रात चालत नाही, हे त्यांना पटलं. घरच्यांना मी एकच पथ्य दिलं. रोज रात्री "झालं का?" विचारायचं नाही. ती आपणहून दाखवेल तेव्हा बघायचं, आणि 'सुंदर' म्हणण्याऐवजी काय दिसलं ते सांगायचं.

प्रत्येक अडकलेलं मूल या साच्यात बसत नाही, हेही सांगायला हवं. झोप-जेवण बिघडलं असेल, मित्रमैत्रिणी तुटल्या असतील, "काही अर्थ नाही" अशी भाषा येत असेल, तर प्रोजेक्ट बाजूला ठेवा आणि आधी तज्ज्ञांना गाठा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

फिल्म वीस सेकंदांची झाली नाही, चौदाचीच झाली. तिवरांची मुळं बिनरंगाची राहिली. मार्क बरे पडले, खूप नाहीत. पुढच्या सेमिस्टरला पुन्हा पहिल्यापासून काढायची हुक्की आली, तेव्हा ती स्वतःच मला फोन करून म्हणाली, "मॅडम, परत तेच चाललंय माझं."

फिल्म आजीलाही दाखवली. आजीने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन दोनदा पाहिली. "निवटी बरी हाय गो, पन शेपूट असं नसतं." त्या संध्याकाळी तिने शेपूट तेवढं दुरुस्त केलं. बाकीचा मासा होता तसाच ठेवला.