अजिंठ्याच्या घाटाखालच्या जुन्या डाक बंगल्यात मड्डमचं भूत आहे, हे खरं का?

तुम्ही एकदम तीन गोष्टी विचारल्यात. फर्दापूरकडचा तो बंगला किती जुना, तिथे गोऱ्या मड्डमचं भूत दिसतं हे खरं का, आणि आज तिथे राहायला मिळतं का. पहिल्याचं थोडक्यात सांगतो, तिसऱ्याचं शेवटी बघू. मी लिहायला बसलोय ते मधल्यासाठी, कारण ती मड्डम आमच्या घरची आहे. माझे अब्बा त्या बंगल्यावर खानसामा होते.

बंगला निजामाच्या राजवटीतला. पण मुक्कामाचं गाव म्हणून फर्दापूर त्याहून पुष्कळ जुनं. गावातली दगडी सराई औरंगजेबाच्या काळातली. घाट उतरून खानदेशात जाणारा आणि खानदेशातून घाट चढणारा, दोघांचीही रात्र इथेच पडायची. पुढे रेल्वे आली तरी लेणी बघायला येणारा साहेब जळगाव नाहीतर पहूर स्टेशनवर उतरायचा आणि टांग्याने, बैलगाडीने इथे यायचा. निजामाच्या मुलखातला त्याचा पहिला मुक्काम हा. म्हणून इथली सोय चांगली ठेवलेली असायची. 1819 साली वाघाच्या मागावर असताना लेणी दिसलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सोडतो.

आता मड्डम. ती हवेतून आलेली नाही. लेडी हेरिंगहॅम नावाची इंग्रज चित्रकार बाई 1909 ते 1911 च्या दोन हिवाळ्यांत लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आली होती. तिचा तळ फर्दापूरला तंबूंत होता. नंदलाल बोस, असितकुमार हलदार हे तेव्हाचे तरणे पोरगे तिच्या हाताखाली होते, हैदराबादहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन आले होते. म्हणजे केवढं लटांबर असेल बघा: बावर्ची, भिश्ती, टांगेवाले, पहारेकरी. नकला 1915 साली छापून आल्या, पण तोवर बाईंचं मन बिघडलं होतं. कोणीतरी आपल्या मागावर आहे असं त्यांना वाटू लागलं. त्या परत बऱ्या झाल्याच नाहीत. 1929 साली इंग्लंडमध्ये वारल्या. इंग्लंडमध्ये. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा लिहितोय, कारण समुद्रापार मेलेली बाई फर्दापूरच्या कौलांवर फिरायला का येईल, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

अब्बांना यातलं काही ठाऊक नव्हतं. नावही नाही. निजामाचं राज्य संपवणाऱ्या 1948 च्या पोलीस ॲक्शनच्या आधी, पोरवयात, ते बंगल्यावर पंखा ओढायला लागले. तेव्हाच्या म्हाताऱ्या खानसाम्याने त्यांना एवढंच सांगितलं होतं की तस्वीर काढणारी एक मड्डम इथे होती, लोकांना पैसे चोख द्यायची, नंतर तिचं डोकं फिरलं. बाकीची मड्डम अब्बांनी स्वतः तयार केली. कशासाठी केली ते सांगतो.

1972 चा दुष्काळ. माझ्या पिढीच्या मराठवाड्यातल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही, पण नव्यांसाठी: रोजगार हमीसारखी कामं निघाली होती, बायाबापड्या रस्त्यावर खडी फोडत होत्या, रेशनला अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, यायचा. त्याची भाकरी गरम आहे तोवर भाकरी, गार झाली की ढेकूळ. कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचं कोरडं खाणं, मिळायची. आम्ही बरे म्हणायचे, कारण अब्बांना पगार होता आणि अम्मीच्या कोंबड्या होत्या.

त्या कोंबड्यांवर एक साहेब आला. कुठल्या खात्याचा ते सांगत नाही. दुष्काळी कामं बघायला आलेला, बरोबर दोन दोस्त. परवानगी एका रात्रीची. दुसऱ्या दिवशी म्हणाला, उद्या निघू. तिसऱ्या दिवशीही उद्याच निघायचं होतं. सकाळी जीप तासभर कुठेतरी जाऊन यायची, मग दिवसभर व्हरांड्यात पत्ते आणि रात्री मुर्गी. मुर्गी कुठून येते हे त्याने एकदाही विचारलं नाही. बाजारात धान्य नव्हतं, मुर्गी कुठली मिळणार? अम्मी संध्याकाळी खुराड्यासमोर उभी राहून अब्बांकडे नुसती बघायची. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

बावर्चीखाना बंगल्यापासून सुटा असतो, धूर साहेबाच्या नाकाला लागू नये म्हणून. त्या रात्री लाइट गेली होती, म्हणून ताटं नेताना कंदील धरायला अब्बांनी मला बरोबर घेतलं. जुन्या बंगल्यांना कौलांखाली जाड कापडाचं छत ताणलेलं असतं, त्यावर चुना. मी कंदील टेबलावर ठेवला आणि वर बघितलं. कापडाला चार खळगे पडले होते आणि ते पुढे सरकत होते. एक पुढचा, एक मागचा, सावकाश. मध्येच थांबले. चुन्याची भुकटी साहेबाच्या रश्शात पडली. आणि खोलीत वास आला, ताजा आंबेमोहोर शिजल्याचा. मिलोच्या वर्षात तो वास आल्यावर मला काय वाटलं ते भुताखेतात बसणारं नाही, माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

साहेबाने विचारलं, “वर काय आहे?”

अब्बांनी वर बघितलंसुद्धा नाही. ग्लास पुसत म्हणाले, “कुछ नै साब.”

खानसामा इतक्या झटकन ‘काही नाही’ म्हणाला की समोरचा दुसऱ्यांदा विचारतोच. साहेबाने विचारलं. मग अब्बांनी नाइलाजाने सांगितल्यासारखं सांगितलं. मड्डम होती साहेब, तस्वीर काढायची. हिशेबाची फार पक्की. दूधवाला, गवतवाला, टांगेवाला, रोज संध्याकाळी सगळ्यांना बोलावून पै न पै चुकती करायची. एकदा घाईत निघावं लागलं, कोणाची तरी बाकी राहिली. तेव्हापासून येते, रजिस्टर चाळते. “जिसका हिसाब साफ, उसको दिखती बी नै साब.”

साहेब हसला. एक दोस्त हसला नाही. त्याने विचारलं, रजिस्टर कुठे असतं?

“इसीच कमरे में. आपके सिरहाने की अलमारी में.”

अब्बा आयुष्यात खोटं बोलले नाहीत असं मी म्हणणार नाही, खानसाम्याला ते परवडत नाही. पण त्या रात्री रजिस्टरच्या जागेबद्दल ते खरंच बोलले होते. रात्रभर छतावर फेऱ्या चालू राहिल्या. पहाटे चहाच्या आधी जीप गेली. कोंबड्यांचे पैसे? छे. ते आजतागायत आलेले नाहीत. रजिस्टरमध्ये शेरा मात्र होता: ‘सोय उत्तम. खानसामा नम्र.’

छतावर काय होतं ते एव्हाना तुम्हाला कळलं असेल. उदमांजर. कौलं आणि कापड यांच्यामधल्या पोकळीत त्यांचं घर असतं, दिवसा झोपतात, रात्री फिरतात. त्यांच्या अंगाला खरोखर सुवासिक भाताचा वास येतो. अब्बांना ते माहीत होतं. बिचाऱ्या प्राण्याने पिढ्यान्‌पिढ्या बंगल्याची चाकरी केली.

माझं मत सांगतो, आवडो न आवडो. जुन्या सरकारी बंगल्यांतली बहुतेक भुतं नोकरमाणसांनी पाळलेली आहेत. कुठल्याही जुन्या बंगल्यावर जा, एक खोली ‘ती’ असते, सहसा देत नाहीत. चौकशी करा. एकतर ती गळते, नाहीतर तिथे चौकीदाराचं धान्य असतं. साहेबाला ‘जा’ म्हणता येत नाही, ‘पैसे द्या’ म्हणता येत नाही. मग जे म्हणता येतं ते म्हणायचं. गोरे गेले, निजाम गेला, हैदराबाद राज्य जाऊन महाराष्ट्र आला, आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसणाऱ्याची ऐट तशीच राहिली. अब्बांची मड्डमही म्हणून टिकली.

आता जी कथा तुम्ही ऐकून आलात, केस मोकळे सोडलेली, ओली, पांढऱ्या कपड्यातली, ती अब्बांची नाही. ती माझ्या मावसभावाची आहे. त्याचं रोडवर हॉटेल आहे. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करणारा रॉबर्ट गिल हा इंग्रज साहेब आणि त्याची इथल्या खेड्यातली प्रेयसी पारो, इकडे त्या पारोवर कविता झाल्या, सिनेमा झाला, तशी त्याने मड्डम काढून टाकली आणि पारोला बंगल्यात आणून बसवलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पारो श्रावणात वाघूरच्या पुरात सातकुंडात बुडाली आणि तेव्हापासून गिलसाहेबाला शोधत बंगल्यात येते. कॅमेरे घेऊन रात्री येणारी पोरं हेच ऐकून येतात.

यावर आमचं बोलणं बंद झालं, परत सुरू झालं, परत बंद झालं. माझे मुद्दे इथे एकदाचे लिहून ठेवतो.

रॉबर्ट गिलला 1844 साली नकलांच्या कामावर नेमलं. तो राहायचा घाटावर, अजिंठा गावात. बंगल्याशी त्याचा संबंध नाही. पारोची कबर अजिंठा गावात आहे, आणि तिच्यावर तारीख आहे: 23 मे 1856. मे महिना! मे महिन्यात वाघूर बघितली आहे का कोणी? धुणं धुवायला पाणी शोधावं लागतं. पूर कुठून आणला? गिलची जवळजवळ सगळी चित्रं 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. तो स्वतः 1879 साली वारला आणि भुसावळला पुरला आहे. शोधायचंच असेल तर ती भुसावळला जाईल, आमच्या कौलांवर कशाला?

हे झालं तारखांचं. माझा खरा राग वेगळा आहे. त्या काळात आमच्याकडच्या किती बायकांच्या नावाचा दगड उभा राहिला? खेड्यातल्या पोरीचं नाव आणि तारीख दगडावर कोरून ठेवणारा एक माणूस निघाला, आणि आपण तिची हडळ करून शेवभाजीबरोबर वाढतो. भुतंच हवीत तर या मुलखात काय कमी आहेत? सात कुंडं आहेत, साती आसरा आहेत, घाटातल्या पिंपळावर मुंजा आहे. 23 सप्टेंबर 1803 ला इंग्रज आणि मराठ्यांच्या असईच्या लढाईत इंग्रजांचीच दीड हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि जखमींचा दवाखाना अजिंठ्याला होता. त्यातला एकही सोजीर कधी कोणाला दिसत नाही. दिसते ती बाईच, आणि तीही गरिबाघरची.

मावसभाऊ म्हणतो, सुरुवात खालूजाननेच, म्हणजे तुझ्या अब्बांनीच, केली ना? मड्डम पण खरीच बाई होती, तिचं डोकं फिरलं त्याची गोष्ट केलीच ना? इथे तो मला थोडा अडवतो, नाही म्हणत नाही. पण अब्बांच्या मड्डमला घाबरायचं कोणी? बाकी बुडवणाऱ्याने. दूधवाला तिला घाबरत नव्हता, आम्ही पोरं घाबरत नव्हतो, अम्मी तर रागाच्या भरात म्हणायची की मड्डमला पगारावर ठेवा. मावसभावाच्या पारोला घाबरतात ते रात्रीच्या वेळी घाटातून येणाऱ्या बायका. आणि पैसे मिळतात त्याला. एवढा फरक मला पुरतो.

राहण्याबद्दल. जुन्या सरकारी विश्रामगृहांचं आरक्षण संबंधित कार्यालयातून होतं, आणि सरकारी माणूस आला की तुमची खोली जाते, हे धरून चला. फर्दापूरला पर्यटन महामंडळाचं निवास आहे, खाजगी लॉजही आहेत. कुटुंब असेल तर सरळ तिकडे जा. बंद पडलेल्या इमारतीत रात्री शिरू नका. मी भुताला हसतोय म्हणून सांगतो, साप, कुजलेले वासे आणि आग्या मोहोळ यांना हसू नका. त्या डोंगरात बिबट्याही आहे. आणि मी एका बंगल्याबद्दल बोलतोय. दुसरीकडे कोणाला काही अनुभव आला असेल तर मी तिथे नव्हतो.

जेवण चौकीदाराला करायला सांगणार असाल तर पैसे आधी हातावर ठेवा. लेणी सोमवारी बंद असतात. अजिंठा गावात थांबून पारोची कबर बघून या, फुलं न्या. मावसभावाच्या हॉटेलात जेवायला काही हरकत नाही, शेवभाजी झकास करतो. गोष्ट सांगायला लागला की फक्त महिना विचारा.