एप्रिलची वाट बघू नका, बिलावरची तारीख बघा

करमाळा तालुक्यातल्या एका दादांचा प्रश्न आलाय. थोडक्यात असं, की २०२४ च्या पाडव्याला ५० एचपीचा नवा ट्रॅक्टर घरी आणला, साडेआठ लाखाचा, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की आधीच्या ३५ एचपीवाल्या ट्रॅक्टरचा नऊ फणी मोगडा (कल्टिव्हेटर) आणि पलटी नांगर याला नीट लागत नाही. औजाराच्या पिना ट्रॅक्टरच्या जोडणीच्या बॉलमध्ये, म्हणजे पिन जाते त्या भोकात, खुळखुळतात आणि रुंदीही जुळत नाही. डीलर 'बुश पाठवतो' (बुश म्हणजे ढिलं भोक भरून काढणारी नळी) म्हणत दीड वर्ष फिरवतोय. शेवटी यांनी वेल्डिंगवाल्याकडून पिना कापून जाड पिना लावून घेतल्या, तर पहिल्याच नांगरटीला नांगराचा सांगाडा तडकला. आता विचारतायत की ट्रॅक्टर परत देऊन पैसे मिळतील का, आणि शेवटी हळूच एक ओळ, 'उसाचं बिल एप्रिलमध्ये येईल, तेव्हा वकील लावला तर चालेल ना?'

दादा, नाही चालणार. बाकीचं सगळं नंतर, आधी हे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ६९ वाचा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुम्ही मनात पाडवा धरून बसलाय, म्हणजे ९ एप्रिल २०२४, म्हणून तुम्हाला वाटतंय एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उसाचे पैसे आले की काम होईल. पण तुम्हीच पाठवलेल्या बिलाचा फोटो मी मोठा करून बघितला, त्यावर तारीख आहे ३० मार्च २०२४. मार्चएंडला टार्गेट भरायला बिल आधी फाडायचं आणि डिलिव्हरी पाडव्याच्या मुहूर्तावर द्यायची ही सगळीकडची रीत आहे, त्यात काही नवल नाही. पण डीलरचा वकील पहिल्या तारखेला उभा राहून हेच बिल दाखवणार, की साहेब, व्यवहार ३० मार्चचा, मुदत संपली. आपण म्हणू की कारण बिलाला नाही घडलं, औजार लागलं नाही त्या दिवशी घडलं, आणि आपलं म्हणणं बरोबर ठरू शकतं, पण ज्या वादात पडायची गरजच नाही त्यात कशाला पडायचं? आज फेब्रुवारी २०२६ चा शेवटचा आठवडा आहे. ३० मार्चच्या आत तक्रार आत गेली पाहिजे. यंदाचा पाडवा १९ मार्चला आहे, त्याच दिवसाचं टार्गेट ठेवा.

आणि 'डीलर आज देतो उद्या देतो म्हणत होता म्हणून थांबलो' हे कारण मला महिन्यातून चार जण सांगतात, कुणी पंपाचं, कुणी ठिबकचं, कुणी रोटावेटरचं. त्याच्या तोंडी आश्वासनानं मुदत वाढत नाही. तुम्ही दहा फोन केले तरी वाढत नाही, माझ्याकडून नोटीस पाठवली तरी वाढत नाही. कलम ६९ मध्येच उशीर माफ करायची तरतूद आहे, पुरेसं कारण लेखी पटवून दिलं तर, पण 'उसाचं बिल आलं नव्हतं' हे पुरेसं कारण आहे असं मी कुठल्या तोंडानं मांडू? पैशाची अडचण म्हणाल तर पाच ते दहा लाखाच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगाची फी २०० रुपये आहे. दोनशे. तक्रार ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर टाकता येते, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे सोलापूरला, डीलरच्या गावाला जायची गरज नाही. वकील नंतर लावला तरी चालतो, तक्रार नंतर केलेली चालत नाही.

आता तक्रारीत काय मागायचं. इथं तुम्ही स्वतःचंच नुकसान करायला निघालाय. तुमच्या मसुद्यात लिहिलंय 'सदोष ट्रॅक्टर'. अहो ट्रॅक्टरमध्ये दोष नाही! तो कॅटेगरी दोनचा हिच, म्हणजे मागे औजार जोडायची त्या मापाची जोडणी, घेऊन आलाय, तुमची औजारं कॅटेगरी एकची आहेत. एकची खालची पिन २२ मिलिमीटरची, दोनची २८ ची. वरच्या टॉप लिंकची पिन एकला १९, दोनला २५. औजाराच्या दोन पिनांमधली रुंदी एकला साधारण ६८ सेंटिमीटर, दोनला साडेब्याऐंशी. साधारण ४० ते ६० एचपीच्या पट्ट्यात दोन्ही प्रकारचे हिच मिळतात म्हणून हा घोळ नेमका याच ट्रॅक्टरांना होतो. बुश घातला की भोकाचा फरक निघतो, रुंदीचा निघत नाही, बाजूच्या चेन कितीही आवळल्या तरी औजार ओढणारे खालचे आर्म तिरपेच ओढतात. हे मी तुम्हाला शिकवतोय म्हणजे कमालच, तुम्ही रोज जोडताय. पण एकदा 'दोष' लिहिलं की आयोग म्हणणार तपासणी करा, तज्ज्ञाचा अहवाल आणा, आणि अहवाल येणार की ट्रॅक्टर एकदम ठणठणीत. संपलं. तुमची तक्रार ट्रॅक्टरविरुद्ध नाहीच, डीलरनं जे सांगितलं त्याविरुद्ध आहे.

आणि ते सांगितल्याचा पुरावा तुमच्याकडे आहे आणि तुम्ही त्याचा एका ओळीत जाता जाता उल्लेख केलाय! कोटेशनच्या मागच्या बाजूला सेल्समननं लिहून दिलंय, '९ फणी + पलटी बसेल, बुश देऊ'. दादा, हा कागद तुमच्या साडेआठ लाखाच्या बिलापेक्षा भारी आहे. मालविक्री कायदा १९३० चं कलम १६ म्हणतं की घेणाऱ्यानं वस्तू कशासाठी हवी ते सांगितलं आणि विकणाऱ्याच्या माहितीवर विसंबून घेतली, तर ती त्या कामाला यायला हवी. त्याच कलमात पळवाटही आहे, की नाव घेऊन ठराविक ब्रँडचीच वस्तू मागितली तर ही अट लागत नाही, आणि समोरचा ती नक्की वापरणार. पण इथं नुसतं गृहीत धरलेलं नाही, 'बसेल' असं लिहून दिलंय, त्यामुळे आपली बाजू बरी आहे. किती बरी ते आज नाही सांगू शकत. सही नाही, डीलर म्हणेल हे अक्षर आमच्या माणसाचं नाही, किंवा तो माणूस नोकरी सोडून गेला. त्याच सेल्समनचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर डिलीट करू नका, फोन बदलू नका, त्यांच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, सर्टिफिकेट जोडू.

ट्रॅक्टर परत द्यायचं डोक्यातून काढा. मीटरवर ९०० तास झालेत म्हणता. मालविक्री कायद्यात माल ठेवून घेतला, वापरला, वेळेत नको म्हटलं नाही तर तो स्वीकारला असं धरतात, मग परत नाही देता येत, फक्त भरपाई मागता येते. तेव्हा मागणी अशी ठेवा, की औजारं या ट्रॅक्टरला योग्य जोडली जावीत यासाठी जो खर्च आहे तो द्या, त्या काळात भाड्यानं ट्रॅक्टर लावून नांगरट केली त्याच्या पावत्या असतील तर ते पैसे, आणि वर त्रासाचे काही. आकडा फुगवू नका.

नांगराच्या सांगाड्याचं मात्र मला अवघड वाटतं. तुम्ही पिना कापल्या, वेल्डिंग मारलं, आणि, हे वाचून मी खरंच कपाळावर हात मारला, जुन्या पिना भंगारात दिल्या. अहो त्या २२ च्या पिना हाच तर पुरावा होता की औजार कॅटेगरी एकचं होतं! आता डीलर म्हणेल तुमच्या वेल्डरनं वाट लावली, आमचा काय संबंध. मोगड्याला तरी अजून हात लावला नसेल तर लावू नका. वर्कशॉपमधून व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) आणा, पिनेला लावून आकडा दिसेल असा फोटो काढा, ट्रॅक्टरच्या बॉलचाही काढा, दोन साक्षीदारांसमोर.

अजून एक, तुम्ही लिहिलंय सीझनला गावात ट्रॅक्टर भाड्यानंही मारता. तुम्ही स्वतः चालवता का ड्रायव्हर ठेवलाय? ही गोष्ट विचारणार. शेतकरी ग्राहक आहे हे सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये बियाण्यांच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय, आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. पण भाड्याचाच मोठा धंदा असेल आणि ड्रायव्हर फिरत असेल तर वाद होऊ शकतो. खरं काय ते मला आधी सांगा, आयोगासमोर पहिल्यांदा कळायला नको.

निकाल कधी? कायद्यात तीन महिने लिहिलंय, तपासणी लागली तर पाच. माझ्या टेबलावर पाणबुडी मोटारीची एक फाईल आहे, तिसरं वर्ष चालू आहे, त्यात कधी आयोगाची खुर्ची रिकामी, कधी समोरचा पुढची तारीख मागतो. समोरच्याला लेखी जबाब द्यायला ३० दिवस आणि वर १५, त्यापुढे एक दिवसही नाही हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये पक्कं केलंय, तेवढाच एक काटेकोरपणा आपल्या कामाचा. त्यामुळे या खरिपाला मोगडा आयोगाच्या आदेशानं जोडला जाईल अशा भरवशावर राहू नका, बुश विकत आणून काम चालू ठेवा आणि पावती घ्या, पक्की जीएसटीवाली, कच्च्या चिठ्ठीवर नको.

तुमचा कोटेशनचा फोटो अंधारात काढलाय, 'बुश देऊ' मधला 'देऊ' नीट वाचता येत नाही. पेन्सिलनं लिहिलंय म्हणता, ते पुसट होत जाणार. आज उजेडात चार फोटो काढा, मूळ कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा, लॅमिनेशन करू नका, आणि त्याच्यावर स्वतः काहीही गिरवू नका.