गळ्याचं सील फाटलं, आता कुठलं बसवू?

प्रश्न (एक वाचक, लेस्टर): मी स्टोनी कोव्हला, म्हणजे इथल्या जवळच्या पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीत, डायव्हिंग करते. माझ्या ट्रायलॅमिनेट ड्रायसूटला (तीन पदरी कापडाचा, आत पाणी न शिरणारा सूट) लेटेक्सची सील्स, म्हणजे गळ्याला आणि मनगटाला घट्ट बसून पाणी अडवणारी रबरी टोकं, चिकटवलेली आहेत. परवा सूट काढताना गळ्याचं सील टर्रकन फाटलं. दुकानदार म्हणतो आता रिंगवालं सिलिकॉन बसवून घ्या, मनगटालाही. क्लबमधले जुने लोक म्हणतात लेटेक्सच बरं, उगाच खर्च कशाला. ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतल्या स्कापा फ्लोला बुडालेली जहाजं बघायला आठवडाभराची बोट बुक केलीय. आणि हो, गेला उन्हाळाभर सूट पुण्याला आईकडे माळ्यावर होता, त्याचा काही संबंध असेल का?

उत्तर: शेवटचंच आधी घेऊ. संबंध असणार, असं मला वाटतं. लेटेक्स म्हणजे शेवटी नैसर्गिक रबर, त्याला उष्णता, ऊन, ओझोन आणि तेल यातलं काहीच मानवत नाही, आणि पुण्यात एप्रिल-मे मध्ये माळ्यावर काय भट्टी पेटते ते तुम्हाला सांगायला नको. मनगटाची सील्स अजून शाबूत आहेत ना, मग ती उजेडात धरून हलकी ताणून बघा. बारीक बारीक चिरा दिसल्या किंवा रबर बोटाला चिकट लागलं तर तीही जायच्या वाटेवर आहेत असं समजा. अजून एक, जे इथले दुकानदार विचारणारच नाहीत. डायव्हच्या आदल्या रात्री केसांना खोबरेल तेल लावता का? गळ्याचं लेटेक्स प्रत्येक वेळी त्याच डोक्यावरून ओढलं जातं, आणि तेलानं रबर हळूहळू फुगून मऊ पडतं. सनस्क्रीनचंही तेच.

आता मुख्य मुद्दा. लेटेक्स की सिलिकॉन हा वाद लोक मऊपणावरून घालतात, पण खरा फरक चिकटवण्याचा आहे. लेटेक्स सूटला गोंदानं चिकटतं. सिलिकॉनला ते गोंद धरतच नाहीत, म्हणून त्याला रिंग लागतेच. एक रिंग सूटच्या गळ्यात कायमची बसवून घ्यायची आणि सीलची जाड कडा तिच्या खाचेत दाबून बसवायची. सील फाटलं की ओढून काढा, दुसरं बसवा, गोंद नाही आणि वाळायची वाट बघणं नाही. चिकटवलेलं लेटेक्स बदलायचं तर जुनं खरवडून काढा, गोल साच्यावर ताणून गोंद लावा, आणि मग रात्रभर तरी सूटला हात लावू नका.

स्कापा फ्लोला हाच फरक कळतो. जर्मनांनी २१ जून १९१९ ला स्वतःच बुडवलेल्या ताफ्यातली तीन बॅटलशिप आणि चार क्रूझर अजून तळाशी आहेत, बोटी स्ट्रॉमनेसहून निघतात, उन्हाळ्यातसुद्धा पाणी १२-१३ अंशांच्या आसपास. मंगळवारी सकाळी सील फाटलं आणि ते चिकटवलेलं असलं तर तो दिवस तर गेलाच, कदाचित दुसराही. रिंग असेल आणि बॅगेत एक जादा सील असेल तर डेकवर बसून चहा संपायच्या आत काम होतं. त्यामुळे गळ्याला रिंग आणि सिलिकॉन, इथे मी तुमच्या दुकानदाराच्या बाजूने. सिलिकॉनला ऊन, ओझोन, माळा याचं फारसं काही वाटत नाही, लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनाही चालतं. पण एकदा नखाचा किंवा घड्याळाच्या बकलचा बारीकसा चरा पडला की तो तिथून सरळ फाटतच जातो आणि ठिगळ लावायची सोय नाही. म्हणून जादा सील घेतलं नाहीत तर रिंगचे पैसे निम्मे वाया.

मनगटाचं मात्र मी एवढ्या घाईने हो म्हणणार नाही. कफची रिंग कडक असते, लहान हाताच्या माणसाला ती हाताच्या मागे जाड कड्यासारखी जाणवते, आणि बाही आखूड असेल तर पाठीमागे हात नेऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवताना अडते. दुकानात नुसतं घालून बघू नका, अंडरसूट (आतून घालायचा उबदार सूट) आणि हार्नेस (सिलिंडर पाठीला बांधायचे पट्टे) यांच्यासकट घालून व्हॉल्व्हपर्यंत हात पोचतो का ते बघा. ड्राय ग्लोव्ह्ज हवे असतील तर रिंग घ्याच, कारण बहुतेक ग्लोव्ह्ज त्याच रिंगला लागतात. साधे, आत पाणी शिरणारे ग्लोव्ह्ज चालत असतील तर मनगटाला चिकटवलेलं लेटेक्स राहू द्या, क्लबवाले इथे बरोबर आहेत. निओप्रीनची (फोमसारख्या जाड रबराची) सील्स उबदार आणि दणकट असतात, पण बदलायची म्हटली की वर्कशॉप आलं, तुमच्या कामाची नाहीत.

घेताना सिस्टिमचं नाव लिहून घ्या. सायटेक कंपनीचं क्विक नेक वेगळं, वॉटरप्रूफ कंपनीचं वेगळं, एकाचं सील दुसऱ्याच्या रिंगमध्ये बसेलच असं नाही आणि हे नेमकं बोटीवर कळतं.

कापायचं काम घरीच, आणि सावकाश. नवीन सील शंकूसारखं असतं, त्यावर गोल गोल रेघा असतात. एका वेळी एकच रेघ, धारदार कात्रीने, न थांबता, कारण कडेला खाच राहिली की फाटायची सुरुवात तिथूनच होते. मग घालून दहा-पंधरा मिनिटं घरात फिरा, मान वळवा, वाका. चेहरा तापल्यासारखा वाटला, डोकं हलकं झालं तर घट्ट आहे, अजून एक रेघ. याची चेष्टा करू नका, मानेतल्या कॅरोटिड धमनीवर दाब राहिला तर हृदयाचे ठोके मंदावतात आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो, तेही पाण्यात. लेटेक्स वापरून थोडं सैल होतं, सिलिकॉन तेवढं होत नाही, त्यामुळे 'सैल होईल हळूहळू' असं म्हणत घट्ट सील सोसत बसू नका.

आणि मनगटातून नेहमी थोडं पाणी येतंच ही तक्रार असेल तर सीलला शिव्या द्यायच्या आधी मूठ आवळून बघा. मनगटाच्या आतल्या बाजूला कंडरा (स्नायूंच्या दोऱ्या) वर येतात आणि मध्ये पन्हाळी तयार होते, पाणी तिथून शिरतं. सील हाडाच्या वर, कोपराकडे सरकवा. घालताना बिनवासाची टाल्कम, बस.

प्रश्न (एक वाचक, एडिनबर्ग): आम्ही दोघं आइसलँडला सिल्फ्रामध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या भेगेत, ड्रायसूट घालून स्नॉर्केलिंग करणार आहोत. बायकोला मंगळसूत्र काढायचं नाहीये. सीलच्या आत राहिलं तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार, सॉरी. सील अंगाला चिकटून बसतं म्हणून पाणी अडतं, मध्ये साखळी आली की तिच्या दोन्ही बाजूंनी फट राहते, आणि तिथलं पाणी वर्षभर २ ते ४ अंश असतं. मण्यांनी सील फाटायची भीती वेगळीच. वहिनींना म्हणावं तेवढा वेळ पर्समध्ये ठेवा, किंवा काढून, रुमालात गुंडाळून, अंडरसूटच्या आतल्या खिशात. केसही सीलखाली येऊ देऊ नका, आणि तुमची दाढी मानेपर्यंत उतरली असेल तर तिथली तेवढी करून घ्या. कुणाला लेटेक्सची ॲलर्जी असेल तर बुकिंग करतानाच विचारा, भाड्याच्या सूटला कुठलं सील असेल ते तिथे गेल्यावर आपल्या हातात नसतं.